दागिना अंगाला का सोसत नाही?

सोने खरे की खोटे, यापेक्षा त्यात मिसळलेला उरलेला धातू कोणता, हा प्रश्न संवेदनशील त्वचेसाठी अधिक महत्त्वाचा असतो. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या शब्दामागचे धातुशास्त्र आणि खरेदीपूर्वी घ्यावयाची काळजी यांविषयी...

विशेष प्रतिनिधी

‘खोट्या दागिन्यांनी कान पिकतात, सोन्याने पिकत नाहीत’, ही समजूत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अनुभवातून आलेली असल्याने ती पुष्कळ अंशी खरीही आहे. मात्र पांढरे सोने, कमी कॅरेटचे दागिने, जर्मन सिल्व्हर, ‘सर्जिकल स्टील’ अशा नव्या-जुन्या धातूंनी बाजार भरून गेल्यापासून हा साधा हिशेब पुरेसा राहिलेला नाही. भरपूर पैसे मोजून घेतलेली पांढऱ्या सोन्याची अंगठी बोटाला खाज आणू शकते आणि तिच्या तुलनेत कितीतरी स्वस्त असलेली टायटॅनिअमची कुडी वर्षानुवर्षे विनातक्रार कानात राहू शकते. म्हणजेच दागिना अंगाला सोसणे न सोसणे हे त्याच्या किमतीवर अवलंबून नसते. ते अवलंबून असते त्यातून त्वचेवर कोणता धातू आणि किती उतरतो यावर.

अशा ग्राहकांसाठी ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ अशी चिठ्ठी लावलेले दागिने दुकानांतून आणि इंटरनेटवरून सर्रास विकले जातात. या शब्दाचा अर्थ ‘अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता कमी’ एवढाच आहे. ‘अ‍ॅलर्जी होणारच नाही’ असा नव्हे. चिठ्ठीवरील या एका शब्दावरून दागिन्यात कोणते धातू आहेत, ते कळत नाही. म्हणूनच चिठ्ठीपेक्षा धातूची ओळख करून घेणे शहाणपणाचे ठरते.

वावडे कशाचे?

दागिन्यांमुळे होणाऱ्या त्वचाविकारांत जगभर पहिल्या क्रमांकाचा आरोपी आहे निकेल. ‘अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी’ या तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली निकेलला ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक पदार्थ’ म्हणून जाहीर केले होते. युरोपातील पाहण्यांनुसार तेथील दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास स्त्रियांना निकेलचे वावडे आहे. पुरुषांत हे प्रमाण बरेच कमी आढळते. या फरकाचे मुख्य कारण कान टोचणे आणि दागिने वापरणे हेच मानले जाते.

स्वीडनचे रसायनतज्ज्ञ अ‍ॅक्सेल क्रॉनस्टेट यांनी १७५१ साली हा धातू वेगळा करून दाखविला. तो चकचकीत आहे, टणक आहे, सहजी गंजत नाही आणि मौल्यवान धातूंच्या मानाने अत्यंत स्वस्त आहे. पितळी दागिन्यावर सोन्याचे पाणी चढविण्याआधी अनेकदा निकेलचा थर दिला जातो, कारण खालचे तांबे सोन्याच्या पातळ थरात झिरपून त्याला काळवंडू नये, यासाठी तो आडोशाचे काम करतो. ‘वन ग्रॅम’ किंवा इमिटेशन म्हणून मिळणाऱ्या दागिन्यांवरील सोन्याचा मुलामा झिजला, की हाच थर त्वचेला भिडतो. सुरुवातीला महिनाभर काहीही त्रास न देणारी बांगडी नंतर एकाएकी खाज आणू लागते, ती यामुळे.

घामातील क्षार निकेलच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया करतात आणि त्याचे सूक्ष्म कण, म्हणजे आयन, सुटे होतात. ते त्वचेत शिरून तेथील प्रथिनांना चिकटतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा या नव्या जोडगोळीला परकी समजते. त्वचेतील पहारेकरी पेशी तिची खबर लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचवितात आणि तेथे निकेल ओळखणाऱ्या ‘टी’ पेशींची फौज तयार होते. निकेलचे आयन मानवी पेशींवरील ‘टीएलआर-४’ या ग्राहकाला थेट चिकटून दाह सुरू करतात, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. एवढे सगळे घडत असताना त्या व्यक्तीला काहीच जाणवत नाही. पुढे केव्हाही निकेलशी पुन्हा संबंध आला, की ही फौज कामाला लागते आणि एक ते तीन दिवसांत त्वचा लाल होणे, खाज, बारीक फोड, पाणी सुटणे ही लक्षणे दिसू लागतात.

हा एक-दोन दिवसांचा विलंब ध्यानात घेण्याजोगा आहे. रविवारच्या लग्नात घातलेल्या हाराचा त्रास सोमवारी किंवा मंगळवारी सुरू होतो आणि दोष मात्र लग्नातल्या जेवणाला दिला जातो. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत घाम अधिक येत असल्याने निकेल सुटण्यास अधिक वाव मिळतो. म्हणूनच हिवाळ्यात सोसणारा दागिना वैशाखात सोसेनासा होतो.

सर्वांत गंभीर बाब पुढेच आहे. एकदा जडलेले हे वावडे सहसा आयुष्यभर राहते. औषधाने पुरळ बरे होते, वावडे मात्र जात नाही. त्यामुळे निकेलला त्वचेपासून दूर ठेवणे हाच खरा उपाय होय.

प्रत्येक पुरळ अ‍ॅलर्जीचे नसते

अंगठीखाली त्वचा हिरवट दिसू लागली, की अनेकजण घाबरतात. हा रंग तांब्याच्या क्षारांचा असतो. तो धुतला की जातो आणि त्याचा अ‍ॅलर्जीशी संबंध नसतो. अंगठीच्या आत साबण आणि पाणी साचून राहिल्यानेही त्वचा सोलवटते. भांडी-धुणी करणाऱ्या हातांना हा त्रास विशेष जाणवतो. अंगठी काढून ठेवली आणि हात कोरडे राहिले, की तो बरा होतो. नुकत्याच टोचलेल्या कानात पू होणे, ठणका लागणे, पाळी गरम लागणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. अ‍ॅलर्जीत ठणक्यापेक्षा खाज अधिक असते. कपाळावर टिकलीच्या जागी उठणारे पुरळ किंवा पडणारा पांढरा डाग हा तर धातूचा विकारच नव्हे. तो बहुधा टिकलीमागच्या गोंदातील रसायनामुळे होतो.

निकेलच्या वावड्याच्या काही खुणा मात्र नेमक्या आहेत. बेंबीखाली जीन्सच्या बटणाच्या जागी पुरळ, मनगटावर घड्याळाच्या बकलाच्या आकाराचा चट्टा, कानामागे चष्म्याच्या काडीचा ओरखडा, मानेवर साखळीच्या फाशाजवळ खाज यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच व्यक्तीत आढळल्या, तर संशय निकेलकडेच वळतो. फॅशन बदलली तशी या पुरळाची जागाही बदलत गेल्याचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांतील कामगारांच्या हातांवर दिसे. पुढे युरोपात स्त्रियांचे पायमोजे अडकविण्याच्या चापांखाली ते दिसू लागले, १९७०च्या दशकात जीन्सच्या बटणाखाली आले आणि त्यानंतर कानांवर स्थिरावले.

खात्रीचे निदान ‘पॅच टेस्ट’ने होते. या चाचणीत संशयित पदार्थ अल्प प्रमाणात घेऊन पाठीवर चिकटविले जातात. निकेलसाठी पेट्रोलियम जेलीत मिसळलेले पाच टक्के निकेल सल्फेट वापरतात. पट्ट्या ४८ तासांनी काढून पहिली पाहणी होते आणि ७२ ते ९६ तासांनी दुसरी. तोपर्यंत पाठ भिजवायची नसते. जन्मभर पथ्य पाळायचे, तर ते कशाचे हे नक्की कळलेले बरे. म्हणून वारंवार त्रास होणाऱ्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडून ही चाचणी करून घेणे हिताचे ठरते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडयुक्त मलमे दीर्घकाळ लावीत राहिल्यास त्वचा पातळ होते आणि मूळ कारण तसेच राहते.

सोने : शिक्का काय सांगतो?

शुद्ध सोने रासायनिकदृष्ट्या अत्यंत निष्क्रिय असते. परंतु ते इतके मऊ असते, की त्याचा रोजच्या वापराचा दागिना टिकत नाही. म्हणून त्यात अन्य धातू मिसळावे लागतात. २२ कॅरेटच्या दागिन्यावरील ‘९१६’ हा आकडा सांगतो, की हजार भागांत ९१६ भाग सोने आहे. १८ कॅरेटसाठी हा आकडा ७५० आणि १४ कॅरेटसाठी ५८५ असतो. भारतीय मानक ब्युरोने सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली सुरू केले; १६ जून २०२१पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षरी-अंकी ‘एचयूआयडी’ क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकण्यास मनाई झाली. जुलै २०२५मध्ये ९ कॅरेटचा, म्हणजे ३७५चा, समावेशही या व्यवस्थेत करण्यात आला.

ग्राहकाची फसवणूक टाळण्यासाठी ही व्यवस्था निश्चितच उपयुक्त आहे. परंतु संवेदनशील त्वचेच्या व्यक्तीने एक गोष्ट विसरू नये. शिक्का सोने किती ते सांगतो. उरलेला धातू कोणता ते सांगत नाही. ९१६च्या दागिन्यात हजारांपैकी केवळ ८४ भाग परके असतात आणि पिवळ्या सोन्यात ते बहुधा चांदी व तांब्याचे असतात. त्यामुळे २२ कॅरेटचे पिवळे सोने बहुतेकांना सोसते. १४ कॅरेटमध्ये परके भाग ४१५ होतात आणि ९ कॅरेटमध्ये तब्बल ६२५. सोन्याचे भाव चढे असताना कमी कॅरेटचे दागिने परवडतात, हे खरेच. मात्र कॅरेट जितके उतरेल तितका उरलेल्या धातूविषयीचा प्रश्न महत्त्वाचा होत जातो.

पांढऱ्या सोन्याची गोष्ट याहून वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्लॅटिनमला स्वस्त पर्याय म्हणून ते पुढे आले. सोन्याचा पिवळेपणा घालविण्यासाठी त्यात निकेल किंवा पॅलेडिअम मिसळावे लागते. निकेलने सोने टणक होते आणि खर्चही कमी येतो, पॅलेडिअम महाग पडते. हिऱ्यांचे दागिने टणकपणासाठी बहुधा १८ किंवा १४ कॅरेटमध्ये घडविले जातात. त्यामुळे हिऱ्याची पांढऱ्या सोन्यातील अंगठी घेताना ‘यात निकेल आहे का?’ हे विचारायलाच हवे. अशा दागिन्यावर शेवटी ऱ्होडिअमचा लखलखीत मुलामा चढविलेला असतो. तो शाबूत असेपर्यंत त्रास होत नाही. तो रोजच्या वापराने झिजतो आणि मग खालचे निकेल उघडे पडते. निकेलचे वावडे असणाऱ्या काहींना पॅलेडिअमचेही वावडे असते. त्यांनी पांढरे सोने टाळून पिवळे किंवा प्लॅटिनम निवडावे.

आणखी दोन बारकावे आहेत. कुडी किंवा टॉप्स २२ कॅरेटचे असले, तरी मागची फिरकी वेगळ्या धातूची असू शकते आणि कानाच्या मागील बाजूला तीच सतत टेकलेली असते. दुसरे असे, की दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या सोन्याच्या वस्तूंना सक्तीच्या हॉलमार्किंगमधून सूट आहे. चमकी, मोरणी, लहान मुलांच्या बाळ्या अशा वस्तू नेमक्या याच वजनाच्या असतात. म्हणजे त्वचेला छेदून आत राहणारा दागिनाच अनेकदा शिक्क्याविना असतो. तेथे सराफाच्या सचोटीवर आणि आपल्या चौकसपणावरच भिस्त ठेवावी लागते.

सोन्याची अ‍ॅलर्जी होतच नाही, असे मात्र नाही. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन संघटनेने २००१ साली सोन्यालाच ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक पदार्थ’ ठरविले होते. चाचणीत सोन्याला प्रतिसाद देणाऱ्या अनेकांना प्रत्यक्ष दागिना घालून काहीच त्रास होत नाही, असेही आढळते.

चांदी आणि चांदीसारखे

पैंजण, जोडवी, छल्ले हे पायातले दागिने आपल्याकडे परंपरेने चांदीचे. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव तर चांदीच्या दागिन्यांसाठीच प्रसिद्ध आहे. चांदीची अ‍ॅलर्जी क्वचितच आढळते. ‘९२५’ शिक्क्याच्या चांदीत हजारांतील ७५ भाग अन्य धातूचे, बहुधा तांब्याचे असतात. ती हवेने काळी पडते, पण त्वचेला सहसा त्रास देत नाही. १ सप्टेंबर २०२५पासून चांदीच्या दागिन्यांनाही ‘एचयूआयडी’ क्रमांकासह हॉलमार्क घेण्याची सोय झाली. सुरुवातीला ती ऐच्छिक ठेवण्यात आली.

धोका आहे तो चांदीसारख्या दिसणाऱ्या धातूंचा. नवरात्रात गरब्यासाठी आणि एरवी सुती साड्यांवर घातले जाणारे ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने पुष्कळदा जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर असले, तरी त्यात चांदीचा अंशही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे आणि त्याचा पांढरा रंग निकेलमुळेच येतो. आपल्याकडे ‘जर्मनची भांडी’ म्हणतात ती अ‍ॅल्युमिनिअमची. त्यांचा या धातूशी काही संबंध नाही. निकेलचे वावडे असलेल्या व्यक्तीने गरब्यात घामाघूम होत जर्मन सिल्व्हरचा गळाबंद हार तासन्‌तास घालणे म्हणजे पुरळाला आमंत्रणच होय.

‘सर्जिकल स्टील’चे कोडे

‘सर्जिकल स्टील, म्हणून अगदी सुरक्षित’ असे विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. स्वयंपाकघरातील भांड्यांवर ‘१८/८’ किंवा ‘१८/१०’ असे आकडे आढळतात. त्यांतील पहिला क्रोमिअमची टक्केवारी दर्शवितो आणि दुसरा निकेलची. दागिन्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘३१६ एल’ प्रतीच्या स्टीलमध्येही १० ते १४ टक्के निकेल असते. असे असूनही ते बहुतेकांना सोसते. याचे कारण त्याच्या पृष्ठभागावर क्रोमिअम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म, घट्ट पापुद्रा आपोआप तयार होतो आणि तो निकेलला आत कोंडून ठेवतो. ओरखडा पडला, तरी हवेतील प्राणवायूने तो पुन्हा सांधला जातो.

म्हणजेच धातूत निकेल किती आहे आणि त्यातून बाहेर किती येते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्वचेला मतलब दुसऱ्याशी. चांगल्या प्रतीचे ‘३१६ एल’ स्टील बरे झालेल्या छिद्रात किंवा मनगटावर सहसा चालते. मात्र हलक्या प्रतीचे, नुसतेच ‘स्टील’ म्हणून विकले जाणारे दागिने किंवा ताज्या जखमेत घातलेले स्टील यांविषयी तशी खात्री देता येत नाही. ज्यांचे वावडे तीव्र आहे, त्यांनी ताज्या छिद्रासाठी स्टीलच्या वाटेला न जाणेच श्रेयस्कर.

खात्रीचे धातू

टायटॅनिअम हा या बाबतीत सर्वांत भरवशाचा आणि तुलनेने परवडणारा धातू. हाडांच्या शस्त्रक्रियांत व दातांच्या रोपणात त्याचा वापर वर्षानुवर्षे होत आला आहे. त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा घामाला दाद देत नाही. दागिना घेताना शुद्ध टायटॅनिअम किंवा शरीरात बसविण्याच्या प्रतीचे ‘एएसटीएम एफ १३६’ हे मानक पाळणारे टायटॅनिअम मागावे. त्यावर दिसणारे निळे-जांभळे रंग बहुधा रंगद्रव्याचे नसतात. विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर कमी-जास्त जाड केला, की प्रकाशाच्या खेळातून ते उमटतात. उणीव एवढीच, की हा धातू आपल्या पारंपरिक सोनारकामाला साजेसा नाही. त्याला सहज डाग देता येत नाही आणि अंगठी लहान-मोठी करणे अवघड जाते. चष्म्याच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. वाकवून पुन्हा सरळ होणाऱ्या ‘मेमरी’ फ्रेमचा मिश्रधातू टायटॅनिअमचा असला, तरी त्यात सुमारे निम्मे निकेल असते.

निओबिअम हा टायटॅनिअमपेक्षा मऊ आणि घडविण्यास सोपा धातू. इंग्रज रसायनतज्ज्ञ चार्ल्स हॅचेट यांनी १८०१ साली तो शोधला. दागिन्यांत तो मिश्रणाविना वापरता येतो. आपल्या बाजारात मात्र तो सहजी मिळत नाही.

प्लॅटिनमच्या दागिन्यांत ९५ टक्के शुद्धतेचा, म्हणजे ‘९५०’ प्रतीचा धातू रूढ आहे. उरलेल्या पाच टक्क्यांत बहुधा रुथेनिअम, इरिडिअम किंवा कोबाल्ट असते. कोबाल्टचेही वावडे असू शकते. तेवढी चौकशी केल्यास प्लॅटिनम संवेदनशील त्वचेसाठी उत्तम मानले जाते. प्रश्न फक्त किमतीचा राहतो. आणि धातूच नको असेल, तर काचेच्या बांगड्या, लाखेचे, मातीचे, लाकडाचे वा रेशमी धाग्याचे दागिने आपल्या परंपरेत आहेतच. त्यांचे हूक तेवढे तपासून घ्यावेत.

युरोपचा धडा

हा प्रश्न कायद्याने सुटू शकतो का? डेन्मार्कने १९९०मध्ये निकेल सोडणाऱ्या दागिन्यांवर निर्बंध लागू केले. १९९४ साली युरोपीय संघाने तसाच आदेश काढला आणि २००१पर्यंत तो पूर्णपणे अमलात आला. त्यानुसार त्वचेला दीर्घकाळ चिकटून राहणाऱ्या वस्तूंमधून दर आठवड्याला, दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सुटता कामा नये. टोचलेल्या छिद्रात घालायच्या दांडीसाठी ही मर्यादा ०.२ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. मुलामा दिलेल्या वस्तूंनी किमान दोन वर्षांच्या सर्वसाधारण वापरात ही अट पाळली पाहिजे. तपासणीसाठी वस्तू आठवडाभर कृत्रिम घामात बुडवून ठेवतात. ‘दीर्घकाळ’ म्हणजे किती, याची व्याख्याही युरोपीय रसायन संस्थेने २०१४मध्ये केली. दोन आठवड्यांत एकदा ३० मिनिटे किंवा तीन वेळा प्रत्येकी १० मिनिटे एवढा संपर्कही त्यात धरला जातो.

हे निर्बंध आल्यानंतर कान टोचलेल्या डॅनिश मुलींमध्ये निकेलचे वावडे जडण्याचे प्रमाण घटल्याचे तेथील अभ्यासांत आढळले. याचा अर्थ स्पष्ट आहे. हे वावडे नशिबाने येत नाही. निकेलला वेळीच रोखले, तर ते पुष्कळ अंशी टाळता येते.

कान टोचण्यापूर्वी...

हाच धडा आपल्याकडे कान-नाक टोचण्याच्या प्रथेला लागू पडतो. छिद्र ताजे असताना धातू थेट उघड्या ऊतींच्या सान्निध्यात असतो आणि वावडे जडण्याची शक्यता त्या वेळी मोठी असते. पूर्वी सोनार बाळाचे कान सोन्याच्या बारीक तारेने टोचीत. त्या तारेत निकेल नसे, ही या रिवाजातील जमेची बाजू. आज यंत्राने कान टोचताना वापरली जाणारी ‘सोनेरी’ खुंटी कशाची आहे, हे फार थोडे पालक विचारतात. त्या एका क्षणी वाचविलेल्या चार पैशांची किंमत मुलीला पुढे आयुष्यभर मोजावी लागू शकते. घड्याळापासून चष्म्यापर्यंत आणि बटणापासून मंगळसूत्रापर्यंत प्रत्येक वस्तू तिला पारखून घ्यावी लागते. लग्नानंतर मंगळसूत्र किंवा जोडवी काढून ठेवावी लागली, तर घरातल्यांचे बोल ऐकावे लागतात, ते वेगळेच.

पहिल्या दागिन्यासाठी टायटॅनिअम, प्लॅटिनम किंवा निकेलविरहित उच्च कॅरेटचे पिवळे सोनेच निवडावे. कानाची पाळी बरी होण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर हौसेखातर दुसरे काही घालू नये. ढोल-ताशा पथकांतील तरुणांत लोकप्रिय झालेली भिकबाळी कानाच्या वरच्या भागात, कूर्चेत टोचली जाते. ती जखम भरण्यास अनेक महिने लागू शकतात. छिद्र नको म्हणून दाबाची नथ वापरणाऱ्यांनीही तिची तार कशाची आहे, हे पाहावे. लग्नसमारंभात ती तासन्‌तास नाकाच्या नाजूक आतल्या त्वचेला टेकलेली असते.

दुकानात काय विचारावे?

बहुतेक मोठ्या सराफांकडे आता क्ष-किरणांनी टंच काढणारे यंत्र असते. मोड घालताना ग्राहक त्याच्या पडद्यावर फक्त सोन्याची टक्केवारी पाहतो. त्याच पडद्यावर तांबे, चांदी, जस्त, निकेल, पॅलेडिअम यांचे प्रमाणही दिसू शकते. संवेदनशील त्वचेच्या ग्राहकाने ती संपूर्ण यादी दाखविण्याची विनंती करावी आणि फिरकी, फासा, कड्या यांचीही स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. मुलामा दिलेल्या दागिन्यात वरचा आणि खालचा थर यांची या यंत्रात सरमिसळ होते, हे मात्र लक्षात ठेवावे. सांधे जोडण्यासाठी पूर्वी कॅडमिअम वापरीत. ‘केडीएम’ हा शब्द त्यातूनच आला. त्याच्या वाफा कारागिरांच्या आरोग्यास घातक असल्याने तो वापर नाकारला गेला आहे. ‘केडीएम’ ही शुद्धतेची खूण म्हणून कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

घरी असलेल्या दागिन्यांसाठी ‘डायमिथिलग्लायऑक्झाइम’ची चाचणी उपयोगी पडते. रशियन रसायनतज्ज्ञ लेव्ह चुगायेव्ह यांनी १९०५मध्ये तिचा पाया घातला. हे द्रावण आणि अमोनिया कापसाच्या बोळ्यावर घेऊन दागिन्यावर अर्धा मिनिट घासल्यास आणि कापूस गुलाबी झाल्यास दागिना निकेल सोडतो आहे, असे समजावे. चाचणीने दागिन्याला इजा होत नाही. रंग आला नाही, म्हणजे निकेल मुळीच नाही, अशी पूर्ण हमी मात्र मिळत नाही. ही द्रावणे लहान मुलांपासून दूर ठेवावीत. दागिन्याच्या आतल्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावण्याचा घरगुती उपायही तात्पुरताच होय. एका समारंभापुरता तो चालतो. रोजच्या वापरात थर निघून जातो.

थोडक्यात

• बहुधा सोसणारे : टायटॅनिअम, निओबिअम, ‘९५०’ प्लॅटिनम, २२ कॅरेटचे पिवळे सोने, ‘९२५’ चांदी.

• चौकशी करून घ्यावेत : १८ कॅरेटचे व त्याखालील सोने, ‘३१६ एल’ स्टील, ऱ्होडिअमचा मुलामा दिलेले दागिने.

• वावडे असल्यास टाळावेत : निकेलयुक्त पांढरे सोने, जर्मन सिल्व्हर, निकेलच्या थरावर मुलामा दिलेले इमिटेशन दागिने.

• फिरकी, फासा, हूक आणि घड्याळाचे बकल यांकडे दुर्लक्ष करू नये.

• त्रास सुरू होताच दागिना काढावा. पुरळ वारंवार उठत असल्यास पॅच टेस्ट करून घ्यावी.

• दागिना घालण्यापूर्वी त्वचा कोरडी असावी. झोपताना, व्यायाम करताना व धुणे-भांड्यांच्या वेळी तो काढून ठेवावा.

सोने घेताना टंच विचारण्याची सवय आपल्या बाजारपेठेला लागली, ती ग्राहकांनी आग्रह धरल्यामुळेच. ‘सोने किती?’ या प्रश्नापाठोपाठ ‘उरलेले काय?’ हा प्रश्नही तितक्याच सहजतेने विचारला जाऊ लागला, तर पुढच्या पिढीतील कितीतरी कान पिकण्यावाचून वाचतील.